एक रुग्ण, तीन तुकडे: मेडिसिनच्या विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे मेडिसिन विभागप्रमुख आणि पदव्युत्तर मार्गदर्शक यांस

सन्माननीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात मी गेली अनेक वर्षे फिजिशियन म्हणून काम करते. आपल्यापैकी कुणाकुणाच्या वॉर्डात मी शिकले आणि आज मला न झेपणारे रुग्ण आपल्याच कॅज्युअल्टीत पाठवते. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण माझी मागणी कुणा एका विभागाकडे नाही, आणि ती माझ्या एकटीचीही नाही. आमच्या भागातल्या डॉक्टरांमध्ये यावर पुष्कळ बोलणे झाले आहे.

मागणी आधीच सांगते. एमडी मेडिसिन करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराने तीन वर्षांत निदान एक रुग्ण अखंड लिहावा. पहिले लक्षण दिसले त्या तासापासून रुग्ण घरी परतल्यानंतरच्या तीन महिन्यांपर्यंत. आणि तो लिहिताना, त्या रुग्णाला सर्वांत आधी ज्याने पाहिले त्या डॉक्टरला सोबत घ्यावे, मग तो ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी असो, प्राथमिक आरोग्य केंद्रातला असो की माझ्यासारखी खासगी फिजिशियन असो.

हे का मागते आहे, ते एका रुग्णावरून सांगते. एका पावसाळ्यात पहाटे एका तरुण बाईला तिच्या दिराने रिक्षात घालून आणले. तक्रार पोटदुखीची. एक उलटी झालेली, घसा दुखतो म्हणत होती. ताप नाही, पोट मऊ. वर बघायला सांगितले तर पापण्या अर्ध्यावरच थांबत होत्या. रात्री कुठे झोपली होती, असे विचारले. जमिनीवर, भिंतीलगत, आणि भिंतीशी सरपणाचा ढीग. अंगभर शोधूनही दंशाची खूण सापडली नाही. मण्यारीचे असेच असते. झोपेत चावते, दुखत नाही, सूज येत नाही, आणि सकाळी माणूस पोट धरून बसतो. पुढच्या तासाभरात तिचा आवाज नाकातून येऊ लागला, गिळता येईना, मग एका श्वासात दहापर्यंत आकडे म्हणता येईनात. आम्ही सर्पदंशाची लस सुरू केली, श्वासनलिकेत नळी घातली, हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत १०८च्या गाडीतून तिला आपल्यासारख्याच एका महाविद्यालयात पोचवले. सोबत एक कागद होता. पापणी किती वाजता पडली, आवाज कधी बदलला, लसीच्या किती कुप्या कधी दिल्या, सगळे वेळेसह.

तिथल्या आयसीयूने तिला वाचवले. अनेक दिवस व्हेंटिलेटरवर काढून ती चालत घरी आली, याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण तिच्या डिस्चार्ज कार्डावर निदानाची एक ओळ होती, आणि आमचा तो कागद केस पेपरात लागलेलाच नव्हता. पुढे ती फॉलोअपला माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, घरी आल्यावर तीन आठवडे सुईत दोरा ओवता येत नव्हता, जवळचे सगळे पुसट दिसायचे. हे कुठेच लिहिले गेले नाही. ते विचारायला तिच्यासमोर कुणी नव्हते.

म्हणजे एका आजाराचे तीन तुकडे झाले. पहिले तास आमच्याकडे, मधले दिवस आपल्याकडे, शेवट तिच्या घरी. पहिल्या तुकड्याला लिहिणारा नाही, कारण आम्हाला लिहायला कुणी सांगत नाही. तिसऱ्याला पाहणाराच नाही. जे छापले जाते ते मधल्या तुकड्यावरून, आणि त्यातही रुग्ण आपल्या दारात पोचला तिथून आजार सुरू झाला, असे धरून.

आपल्या विषयातले जे ज्ञान आपल्याच मातीतून उगवले, ते मात्र हे तुकडे सांधल्यामुळे उगवले आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस या गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा घ्या. मराठवाडा-विदर्भातल्या कोणत्याही मेडिसिन वॉर्डात हा रोजचा रुग्ण. तिसरा दिवस आहे, ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध नीट लागले आहे, घाम-लाळ थांबली, छाती स्वच्छ, रुग्ण नावानिशी बोलतो आहे. सकाळच्या राउंडला आयसीयूतून बाहेर काढायचे ठरते आणि रात्री त्याचा श्वास थांबतो. आज आपण प्रत्येक जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, शिकवता की उशी काढ, रुग्णाला मान उचलायला सांग, हनुवटी छातीकडे नेता येत नसेल तर त्याला हलवू नकोस. ही एवढीशी तपासणी आली कुठून?

पुण्यातल्या डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एका ब्रिटिश न्यूरॉलॉजी नियतकालिकात लागोपाठ आलेल्या दोनशे रुग्णांची निरीक्षणे छापली. त्यांनी मज्जासंस्थेच्या खुणांचे दोन गट पाडले. काही खुणा रुग्ण दाखल होतानाच असतात आणि ॲट्रोपिनला दाद देऊ शकतात. काही मागाहून येतात आणि ॲट्रोपिनला जुमानत नाहीत. दंड-मांड्यांची ताकद जाते, हातोडीने ठोकल्यावर मिळणारे जर्क्स जातात, कवटीतून निघणाऱ्या नसा लुळ्या पडतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियाद्दे यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच रुग्णांचे वर्णन केले. विष पोटात गेल्यावर २४ ते ९६ तासांत मान, दंड-मांड्या आणि श्वासाचे स्नायू निकामी होतात, हे त्यांनी स्पष्ट मांडले आणि त्या अवस्थेला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हटले. त्यांचे रुग्ण होते फक्त दहा. जगभरच्या पाठ्यपुस्तकात आज जे पान आहे, ते पुण्यातल्या आणि श्रीलंकेतल्या फिजिशियननी रोज संध्याकाळी त्याच रुग्णाच्या खाटेपाशी परत जाऊन पाहिल्यामुळे आहे. महागडे यंत्र त्यात कुठेच नव्हते. पहिल्या दिवशीची ताकद आणि तिसऱ्या दिवशीची ताकद एकाच कागदावर लिहिलेली होती, एवढेच.

महाडची गोष्ट आपण सगळेच जाणता, पण ती आपल्या विद्यार्थ्यांना विंचवाच्या उपचारापुरतीच सांगितली जाते, याची मला खंत वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस फेसाळ थुंकीने गुदमरून जायचा. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून क्रम टिपला. आधी उलट्या आणि दरदरून घाम, हातपाय गार, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. मग रक्तदाब चढतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. पुढे हृदयावर येणार आहे हे आधीच सांगणाऱ्या या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. मग त्या सैल करणारी, रक्तदाबावरची साधी प्राझोसिनची गोळी का देऊ नये? डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी ते अनुभव १९८६ मध्ये पुन्हा लॅन्सेटमध्येच छापले. आणि २०११ मध्ये त्याच महाडमधून ७० रुग्णांची रँडमाइज्ड (कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी) चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.

माझ्या लेखी या गोष्टीचे मर्म गोळीत नाही. बिरवाडी-महाडला आजाराचे तिन्ही तुकडे एकाच माणसाच्या नजरेखाली होते. दंश झाल्यावर तासाभरात येणारा रुग्ण तोच डॉक्टर पाहत होता, रात्रभर तोच बसत होता आणि बरा झालेला माणूस त्याच बाजारपेठेत त्याला भेटत होता. म्हणून सुरुवातीच्या खुणा सापडल्या. त्या मोठ्या रुग्णालयात सापडल्या नसत्या, कारण तिथे पोचेपर्यंत उलट्या आणि घाम उरकलेले असायचे आणि दिसायची ती फक्त पाण्याने भरलेली फुप्फुसे.

याहून लहान लेखही किती दूर जातो, ते मुंबईच्या केईएममधले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. रक्तगट तपासावा तर ओ वाटतो, पण ओ गटाचे रक्तही जुळत नाही, असे तीन जण त्यांना आढळले. १९५२ मध्ये लॅन्सेटच्या दोन पानांत मावणारा लेख आला आणि रक्तपेढ्यांच्या शब्दकोशात बॉम्बे गट कायमचा दाखल झाला. जुळत नाही म्हटल्यावर ‘लॅबची चूक असेल’ म्हणून ते थांबले असते तर?

आता नियमांबद्दल. मेडिकल कौन्सिलच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सनी फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी कोणते लेख धरायचे ते ठरवले, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीही तेच धरले. मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस आणि सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा), आणि केस सिरीज (एकाच प्रकारच्या अनेक रुग्णांची नोंद). एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट त्यात नाही. मला यावर रागवायचे नाही. बढतीच्या गुणांसाठी पैसे भरून छापलेले, एकमेकांवरून उतरवलेले केस रिपोर्ट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पाच जणांची नावे, त्यातल्या दोघांनी रुग्ण पाहिलेलाही नसतो. ते बंद झाले तर बरेच झाले. माझे म्हणणे आहे की केस रिपोर्टला बढतीचे गुण देऊच नका. पण बढतीतून गेला म्हणून तो शिकवण्यातूनही गेला, हे मात्र चुकले. मी आपल्याकडून आलेल्या नव्या एमडी डॉक्टरांशी बोलते. ओळीने रुग्णांची तक्तेवारी त्यांना करता येते, संख्याशास्त्रातली पी-व्हॅल्यू काढता येते, आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्सही ते पास झालेले असतात. पण एका माणसाच्या आजाराचा कालक्रम लिहायला सांगितला तर हात अडखळतो. ‘अमुक आजाराचे क्लिनिकल प्रोफाइल, टर्शरी केअर सेंटरमधील अभ्यास’ या छापाचे थीसिस दरवर्षी ग्रंथालयात जमा होतात. त्यातला प्रत्येक रुग्ण कधीतरी सविस्तर माणूस होता. तक्त्यात आल्यावर वय, लिंग आणि सोडियम एवढाच उरला.

एका रुग्णावरून उपचार ठरवू नयेत, हे मला मान्य आहे, आणि ते ठामपणे सांगायला हवे. कोविडच्या पहिल्या वर्षी प्लाझ्मा दिला आणि रुग्ण सुधारला, असे अनुभव जो तो सांगत होता. नातेवाईक प्लाझ्मासाठी शहरभर वणवण फिरले. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर नीट चाचणी केली, ऑक्टोबर २०२० मध्ये ती छापली गेली, आणि प्लाझ्माने आजाराची वाढ किंवा मृत्यू रोखले जात नाहीत हे दिसले. केस रिपोर्टचे काम प्रश्न उभा करण्याचे, उत्तर देण्याचे नव्हे. पण प्रश्न नीट उभा राहिला नाही तर चाचणी कशाची करणार? महाडला १९८२ चा प्रश्न आधी होता, २०११ चे उत्तर नंतर आले.

आणि कधीकधी प्रश्न वेळेवर उभा राहण्यावर जीव अवलंबून असतात. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यावर सविस्तर चौकशी केली. जवळपास चाळीस वर्षांनी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली मुले खोकल्याचे औषध घेऊन लघवी बंद होऊ लागली म्हणून रुग्णालयात आली. त्यातली बरीच नागपूरला हलवली होती. वीसहून अधिक मुले गेली. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल.

कोण चुकले, हे सांगायला यंत्रणा आहेत. माझा मुद्दा आपल्या केस पेपरापुरता आहे. सर्दी-तापाचे मूल, दोन दिवसांनी लघवी बंद, रक्तातले क्रिएटिनिन चढते आहे, म्हणजे मूत्रपिंडे थकत आहेत. अशा वेळी ‘आधी स्थानिक उपचार घेतले’ या ओळीने इतिहास संपता कामा नये. कोणते औषध, कोणत्या कंपनीचे, बॅच नंबर काय, बाटली घरी आहे का? ती बाटली ज्याने दिली किंवा पाहिली तो डॉक्टर तालुक्यातच आहे. त्याला फोन करणे हा इतिहास घेण्याचाच भाग आहे. फवारणीतून विषबाधा झालेल्या शेतमजुराचेही तेच. ‘अननोन पॉइझनिंग’ लिहून मोकळे होणे सोपे असते. पण पंपात कोणती दोन औषधे मिसळली, वाऱ्याची दिशा काय होती, किती तास फवारले, हे शेताच्या मालकाला विचारले तर कळते, आणि आमच्यासारख्यांना ते विचारता येते.

म्हणून माझी मागणी आता बारकाव्यांसह मांडते.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामची सोय आपल्या हातात आहे. एमडीचा प्रत्येक निवासी डॉक्टर तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा रुग्णालयात येतो. आज त्या तीन महिन्यांकडे बरेच जण ‘पोस्टिंग भरणे’ म्हणून पाहतात. काहींना थीसिसचे रुग्ण हुकतील याचीच चिंता असते. हेच तीन महिने एक रुग्ण अखंड लिहिण्यासाठी ठरवून द्या. रेसिडेंटने जिल्ह्यात आल्यावर स्थानिक डॉक्टरांना भेटावे, रुग्ण कुठून कसा आला ते विचारावे, शक्य झाल्यास एकदा घरी जाऊन यावे. सुईत दोरा ओवता येत नव्हता, हे वाक्य घरीच कळते. कॉलेजात परतल्यावर मधला तुकडा त्याच्याकडे आहेच. आणि तीन महिन्यांनी एक फोन. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी परीक्षकांनी त्या नोंदीवर दहा मिनिटे बोलावे. मग ती छापली जाते की नाही, याला मी दुय्यम मानते.

लेखकांच्या यादीत त्या पहिल्या डॉक्टरचे नाव असावे, आणि रेसिडेंटचे नाव पहिले असावे. १९१० मध्ये आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींची पहिली नोंद छापली. ग्रेनाडाहून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण १९०४ मध्ये त्यांच्या रुग्णालयात दाखल झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी आधी पाहिल्या होत्या अर्नेस्ट आयरन्स या इंटर्नने. लेखावर नाव मात्र एकट्या हेरिक यांचे आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आश्रमशाळांत आज आपण ज्या सिकलसेलची तपासणी करतो, त्यातल्या पेशींची पहिली छापील नोंद एका इंटर्नच्या नजरेतून आली. आपल्या युनिटमधल्या अशा नजरा वाया जाऊ देऊ नका आणि त्यांचे श्रेय त्यांनाच मिळू द्या.

संमतीबद्दल. केस रिपोर्ट कसा लिहावा याच्या केअर मार्गदर्शक सूचना २०१३ पासून आहेत. त्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे लिहिण्याची जागा आहे, कालरेषा आहे, संमती आहे. आपल्याकडे संमती म्हणजे दाखल करतानाच्या छापील कागदावरचा अंगठा. ते पुरेसे नाही. मराठीत, किंवा त्या माणसाच्या बोलीत, सांगा की तुमच्या आजाराबद्दल डॉक्टर लिहिणार आहेत, नाव येणार नाही, पण गावातला कुणी वाचून ओळखू शकतो. नको म्हणालात तर उपचारात काही फरक पडणार नाही. लिहून झालेले त्यांना वाचून दाखवा. रुग्णाचा फोटो डॉक्टरांच्या मोबाइल ग्रुपवर टाकून ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणणे मात्र आजच थांबवा. इथे आम्हीही तितकेच दोषी आहोत आणि हे आमच्या तालुक्यातल्या ग्रुपमध्येही मी सांगते आहे.

एथिक्स कमिटीने अशा एका रुग्णाच्या नोंदीसाठी साधा, एक पानाचा अर्ज ठरवून द्यावा. मोठ्या औषध चाचणीचे पंधरा पानी फॉर्म एका मण्यारीच्या रुग्णासाठी भरायला लावले तर कुणीच लिहिणार नाही. केस पेपर जपण्याचाही प्रश्न आहे. २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. हा कायद्याचा किमान आकडा आहे. शिक्षण देणाऱ्या विभागाने तेवढ्यावर समाधान मानू नये. निदान ज्या रुग्णांबद्दल युनिटमध्ये चर्चा झाली त्यांचे कागद, आमची रेफर चिठ्ठी धरून, स्कॅन करून ठेवा. रेफर चिठ्ठी केस पेपरात लावण्याचा साधा नियम जरी प्रत्येक कॅज्युअल्टीत पाळला गेला तरी निम्मे काम होईल.

वाचनाचा प्रश्न आमचा आहे, पण सोडवणे आपल्या हातात आहे. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली, हे फार चांगले झाले. तालुक्यातला फिजिशियन त्याच्या बाहेर आहे. रुग्ण पहाटे येतो आणि आम्ही सारांश वाचून थांबतो, कारण पुढचे पान पैसे मागते. महिन्यातून एक शनिवार आपले ग्रंथालय जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी उघडे ठेवा. त्याच दिवशी एक संयुक्त बैठक व्हावी. एक रुग्ण, तिन्ही तुकडे, तिन्ही बाजूंचे डॉक्टर समोरासमोर. दगावलेल्या रुग्णांवर चर्चा करणारी मॉर्टॅलिटी मीटिंग आपण घेताच. तिला आम्हालाही बोलवा. पाठवताना उशीर झाला असेल तर तोंडावर सांगा, आम्ही ऐकून घेऊ.

छापण्यासाठी चांगली दारे आपल्याकडे आहेत. केईएममधून १९५५ पासून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन आहे, फिजिशियन असोसिएशनचे जापी (जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया) आहे. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या, पैसे घेणाऱ्या नियतकालिकांकडे विद्यार्थ्यांना पाठवू नका. परत आलेला लेख सुधारून पुन्हा पाठवणे हेही शिक्षणच आहे. आणि जे छापण्याजोगे नाही तेही विभागाच्या कपाटात नीट ठेवण्याजोगे असते. पुढे दहा वर्षांनी एखादा रेसिडेंट तसाच दुसरा रुग्ण पाहील, तेव्हा त्याला कपाट उघडता आले पाहिजे.

आपल्याकडे मनुष्यबळ कमी आहे, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, रेसिडेंट छत्तीस तास उभे असतात, हे मी जाणते. मीही त्याच ड्यूट्या केल्या आहेत. म्हणूनच मी शंभर रुग्णांचा अभ्यास मागत नाही. एका रेसिडेंटने एक माणूस पूर्ण पाहावा, एवढेच मागते आहे. एमडी मेडिसिन होऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरने एकाही रुग्णाचा शेवट पाहिलेला नसावा, हे मला सहन होत नाही.

येत्या तुकडीचे थीसिसचे सिनॉप्सिस (आराखडे) ठरतील त्या सुमारास हा विषय विभागाच्या बैठकीत घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातले फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. सगळ्यांची तयारी आहे. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या रेसिडेंटची नावे आणि तारखा आधी कळवाव्यात. आम्ही केस पेपर घेऊन त्यांना भेटायला येऊ.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक फिजिशियन